नववा दाता

शेम्सा आल्या त्या कोबीच्या पिंपावरचा दगड घेऊनच.
म्हणाल्या, रात्री हाच लावते मागच्या चाकाला,
आणि पिंपातला कोबी रात्रभर वर तरंगतो.
दोन्हीकडे एकच दगड कसा पुरवू, नेजाद, तूच सांग.

व्रातनिकचा आमचा उतार असा
की पिशवीतून निसटलेलं लिंबू
थेट खालच्या बेकरीच्या दारात सापडतं.
इथे गाडी उभी करायची म्हणजे
कुणावर तरी भरवसा टाकून झोपायचं.

मी लिव्हर ओढला. मोजत गेलो.
चौथ्या दात्याला धरायला हवं होतं.
पाच, सहा, सात, नुसती पोकळ कटकट,
डब्यात चार वाटाणे हलवल्यासारखी.
नवव्या दात्याला कोपर सीटला टेकलं
आणि गाडी, जुनी गोल्फ, तरीही खाली जायला अधीर.

पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे. मागचं अंग जॅकवर.
आत वेदाद, बाहेर मी.
"एक दाता ओढ." चाक फिरवलं. "अजून एक."
डावं तिसऱ्याला जड झालं, पाचव्याला थांबलं.
उजवं फिरतच राहिलं,
लग्नघरात कुणी काम सांगू नये म्हणून
उगाच हिंडणाऱ्या जावयासारखं.

खाली शिरलो. केबलवरून बोट नेत नेत
मागच्या चाकापाशी पोचलो, तिथे वेष्टण फाटलेलं.
पाणी शिरलं असणार, बर्फावर टाकतात ते मीठही,
आणि आतली तार गंजून नळीलाच धरून बसली होती.
इकडून ओढ लागते, तिकडे पोचत नाही.
अशी माणसंही पाहिली आहेत. ते असो.

ड्रम निघेना. तेल, हातोडी, शिव्या, पुन्हा तेल.
निघाला तेव्हा वेदाद फुंकर मारणार,
मी त्याची मानच धरली:
जुन्या लायनरची धूळ छातीत घ्यायची नसते,
ओल्या फडक्यानं पूस.
लायनर जाड. सिलेंडर कोरडा. स्प्रिंगा शाबूत.
सगळं दुखणं वीतभर तारेचं.

मग लिव्हरचं रबरी कव्हर वर केलं.
उजव्या केबलचा नट आटे संपेपर्यंत आवळलेला.
"कुठल्या गाढवानं..." म्हणालो, आणि थांबलो.
नटावर पांढऱ्या रंगाचा ठिपका होता.
या अख्ख्या टेकडीवर असा ठिपका
एकच माणूस देतो.

सहा वर्षांपूर्वी, बायरामच्या आदल्या दिवशी,
दारात चार गाड्या, घरी पाहुणे,
चाक न उचलताच मी नट पिळला होता.
"झालं," म्हणालो होतो. पैसे घेतले होते.
झालं काहीच नव्हतं, पुढे ढकललं होतं फक्त,
एकेक दाता, एकेक हिवाळा.

वेदादनं ठिपका पाहिला. मग पाने पुसायला लागला,
पुसलेलेच.

नवी केबल संध्याकाळी आली.
ओवली, क्लिपांत बसवली, ग्रीस भरलं,
पेडल दोनदा दणकून दाबलं, मग नट, अर्ध्या अर्ध्या फेऱ्यानं.
तिसऱ्याला घासतंय, चौथ्याला धरतंय.
सोडल्यावर मोकळं फिरतंय का, तेही पाहिलं,
घाईत विसरतात ते हेच.
पांढऱ्या रंगाची बाटली थोडा वेळ हातात ठेवली.
मग दिला ठिपका.

गल्लीच्या सगळ्यात उभ्या वळणावर
गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून आम्ही तिघं उतरलो.
ती बोटभर मागे सरली, कण्हली,
आणि उभी राहिली.

"फक्त केबलचे? आणि मजुरी?"
"ती तुम्ही सहा वर्षांपूर्वी दिलीत."
शेम्सांनी माझ्याकडे पाहिलं. विचारलं काही नाही.
दगड उचलला, झटकला,
पोटाशी धरून घरात नेला.

त्या रात्री दोनदा उठून मी खिडकीशी गेलो.
गाडी होती तिथेच.
दुसऱ्यांदा गेलो तेव्हा
समोर शेम्सांच्या खिडकीतही दिवा होता.