कोरडा ठसा

ल्युडेनशाइडच्या या शेडमध्ये तेलाचा डबा
कुलपात असतो. चावी ऑफिसात.
पट्टी ब्राँझची, नखाहून पातळ,
वर कथिलाची कल्हई. तिला तेलाचा थेंब चालत नाही;
हे इवले तुकडे कानाच्या यंत्रात जातात,
आणि धुवायला घेतले तर वाकतात.

म्हणून कोरडंच.
मिनिटाला चारशे ठोके.
दुपारपर्यंत कथिल पंचाच्या अंगाला धरतं,
आधी धुक्यासारखं, मग खवल्यासारखं,
मग ते खवलंच पुढची पट्टी ओरबाडतं.
माझे आजोबा तोकातमध्ये भांड्यांना
हेच कथिल लावत हिंडले.
मी ते खरवडायचा पगार घेते.

ओटमार ब्रिंकशुल्टे, अडतीस वर्षं प्रेसपाशी,
दोन्ही कानांनी अधू.
तो मशीन ऐकत नाही, बेडवर तळहात टेकतो
आणि म्हणतो, "नुरगुल, तीन नंबर आजारी आहे."
नेहमी तीन नंबरच.

सगळं करून पाहिलं.
हवेचा झोत दिला: कण उडाले, चिकटलेलं चिकटलेलंच.
कार्बनचा काळा लेप दिला, महागडा;
दोन आठवड्यांनी धारेपाशी सोलला.
मोकळीक केसभर वाढवली,
तर तुकड्यांच्या कडेला कुसळं उभी राहिली.

मग एका शुक्रवारी, बाहेर भुरभुर बर्फ,
मी तीन नंबर भिंगाखाली धरला.
घासल्याच्या रेघा आडव्या होत्या.
नांगरलेलं रान जसं, आणि प्रत्येक सरीत
कथिल पेरलेलं.
पंच जातो वर-खाली,
आम्ही त्याला घासलं होतं आडवं.
इतकंच.

ओटमारला दाखवलं. तो बराच वेळ वाकून राहिला.
"माहीत होतं मला हे," म्हणाला,
"तेल होतं तेव्हा विसरलं तरी चालायचं."

लाकडाची काडी, हिऱ्याची पेस्ट,
उभ्या दिशेनं, ठोक्याच्याच वाटेनं,
सव्वा तास, डोळ्यांत तेल घालून.
तेवढंच तेल इथं चालतं.

सोमवारी तो चढवला.
पूर्वी साठ हजारांवर उतरवावा लागे.
एक लाख झाले, दीड झाले,
कोणी काही बोललं नाही, दृष्ट लागेल म्हणून.
ओटमारनं डाव्या कानातलं यंत्र काढून
मला दाखवलं, "यात तुमचाच माल. कुरकुरतो."
मी म्हटलं, जुना लॉट असेल.
त्याला ऐकू गेलं नाही.

दोन लाख दहा हजारांवर
त्यानं बेडवर तळहात टेकला,
डोळे मिटले,
आणि म्हणाला, "पाच नंबर."