कारणाचा रकाना

पोलीस पाटलाच्या वहीत
कारणाचा रकाना दीड बोटाचा.
तारीख, स्थळ, गेल्या मालाचा तपशील
ऐसपैस पसरलेले,
कारण तेवढं कोपऱ्यात
अंग चोरून.

अडाणच्या काठावरची नळयोजनेची मोटार
रात्री कुणी उघडली, तांबं नेलं.
सकाळी गावभर गुंड कोरडे,
आणि पहिल्या चहाच्या आत
कारण सापडलं : रक्त.
"बेड्यावरचेच असतीन, दुसरं कोन?"
फौजदारांची जीपही सवयीनंच तिकडे वळली.
सुकलाल पवारला आत बसवताना
बायकोनं त्याच्या काही विचारलं नाही,
फक्त चप्पल आणून दिली.
त्याच्या आजाची रोज सांजेला
चावडीत हजेरी लागायची.
ते रजिस्टर माझ्या आजाकडे असायचं.

चौथ्या दिवशी कारंज्याच्या भंगारवाल्यानं नाव सांगितलं :
मंथन काळबांडे.
माजी सरपंचाचा पुतण्या, आयटीआय, वायरमन, पास.

सुकलाल अनवाणी परतला.
चप्पल ठाण्यातच राहिली म्हणे.
तिच्यासाठी वहीत रकाना नाही.

आता रक्ताचं नाव कुणी काढेना.
पानठेल्यावर तासाभरात नवी कारणं उगवली.
"संगत वाईट, बाप्पा. पोट्टं मुळात सोन्यासारखं."
"मोबाइलनं डोस्कं फिरवलं त्याचं."
"दोन वर्षं घरी बसून हाय, करीन काय?"
गुरुजी म्हणाले, लहानपणी माया कमी पडली असावी.
त्याची आई चक्कीच्या रांगेत हे ऐकत होती
पिठाचा डबा पोटाशी धरून.
एकानं शनी काढला.
शनीला अजून कुणी जीपमध्ये घातलेलं नाही.

बाराव्या वर्षी मी
जिनिंगच्या काट्यावरचं पितळी वजन पळवलं होतं,
यवतमाळला आलेली सर्कस बघायला.
बापानं गुपचूप पैसे भरले.
त्याला खोडी म्हणाले सगळे,
आणि खोडीला कारण लागत नाही.

रात्री ग्रामपंचायतीत तो समोर बसला.
ट्यूबलाइट मिचमिचत होती.
"का केलं रे?"
पेन मी रकान्यावर टेकवून ठेवलेलं.
तो किती वेळ वरच बघत राहिला.
मला वाटलं, आता रडतो.

"काका, स्टार्टर गेला याचा.
स्टूल द्या. दोन मिनिटाचं काम हाय."

दिलं स्टूल.
लख्ख उजेड पडला खोलीत,
त्याच्या बोटांवर, माझ्या चष्म्यावर,
दीड बोट कोऱ्या जागेवर.