अकरा मिनिटं

सँडस्कीच्या नगरसभेत, मंगळवारी संध्याकाळी,
विषयपत्रिकेवर चौथा विषय : ऑफिसर मार्लीन कोवॅच यांचा गौरव.
तिसरा होता गटारपट्टीतली वाढ.
पाचवा, बर्फ ढकलायचा नवा ट्रक.

मधल्या सात मिनिटांत
अध्यक्षांनी चष्मा पुसला, मानपत्र वाचलं.
मजकूर माझा.
रात्रपाळीला फोन घेणारी बाई बरं लिहिते म्हणून.

'जिवावर उदार होऊन' एवढं एकच मला त्यात घालायचं होतं.
तासभर इंग्रजीत शोधलं. तिथे जीव धोक्यात घालतात,
पणाला लावतात, देऊनही टाकतात,
पण त्याच्यावर उदार होत नाही कुणी,
दारी आलेल्याला मापापेक्षा पसाभर जास्त घालावं, तसं.
शेवटी लिहिलं : असाधारण शौर्य.
फ्रेमच्या मापात तेच बसत होतं.

उथळ पाण्याला खळखळाट फार,
आपल्याकडे ही म्हण माणसांना चिडवायला वापरतात.
ईरी सरोवरावर तो हवामानाचा अंदाज असतो.
तळ जवळ, म्हणून लाट दुरून येत नाही,
उठते ती तिथल्या तिथे,
आणि पहिलीतून डोकं वर काढावं
तोवर दुसरी.

त्या रात्री फोनवर मुलगा होता. टोबी, वय नऊ.
बापाचा फोन प्लास्टिकच्या पिशवीत, याच्या गळ्यात.
"होडी उलटी झालीय. मी वर बसलोय.
बाबा धरून आहेत, पण बोलत नाहीयेत."
नोव्हेंबरचं पाणी. मला त्याचे दात ऐकू येत होते.

मरीन टूवर ती एकटी होती, जोडीदार तापाने घरी.
नियम म्हणतो, दोघं हवीत.
मी तिला नियम वाचून दाखवला. ते माझं काम.
ती म्हणाली, "ऐकलं. दोर सोडतेय."

दोन चौदाला : "दिसले. दीपगृहाखालच्या खडकांकडे चाललेत."
त्यानंतर काही नाही.

दोन पंधरा.
मरीन टू.
दोन सतरा. मरीन टू, उत्तर द्या.
खरखर.
टेबलावर माझं अर्धं सोललेलं संत्रं.
दोन वीस.
मार्लीन, असंही म्हणून पाहिलं. नियमात बसत नाही.

काय झालं ते तिने मागाहून लिहून दिलं, जेमतेम चार ओळी :
इंजिन बंद केलं, पंख्यात कुणाचा पाय येऊ नये म्हणून.
दोर कमरेला बांधून उतरले. मुलगा आधी घेतला.
बाप जड होता.
डावा हात होडी आणि खडक यांच्या मध्ये आला.
आणि 'रेडिओला उत्तर का दिलं नाही' या रकान्यात :
हात दोनच होते.

दोन पंचविसाला आवाज आला, न ओळखू येण्यासारखा :
"दोघं. दोघंही आहेत. दोन ब्लँकेटं काढून ठेवा."
तिसरं तिने मागितलंच नाही.
मोजताना स्वतःला विसरली होती.

टाळ्या झाल्या. मानपत्र तिने काखेत धरलं,
डाव्या हाताची दोन बोटं अजून पट्टीत.
पहिल्या रांगेत टोबी झोपला होता, बुटांसकट खुर्चीवर.
बाप बोलायला उठला, उभाच राहिला,
टोपी हातात फिरवत, फिरवत,
मग खाली बसला.
दोन शब्द बोला, म्हणाले तिला.
"घाबरले होते," ती म्हणाली.
थांबली. अजून काही येईल म्हणून सगळे थांबले.
"चला, ट्रकचं उरकून घ्या आता."

नोंदवहीत ती अकरा मिनिटं कोरी आहेत.
साहेब म्हणाले, 'संपर्क नाही' लिहून टाका.
लिहीन. अजून लिहिलेलं नाही.

आज वारा वायव्येचा, अंधार पडल्यापासून वाढतोय.
ती आठ दिवसांनी कामावर आलीय.
मी डब्यात संत्रं आणलंय,
सोललेलं नाही.