बदली कार्ड, दोन रियाल

शानवासने कार्ड दिव्याखाली धरलं.
‘घासतेस काय ह्याने, भांडी?’ म्हणाला हिंदीत.
डावी कड झिजून पांढरी झालेली.
इंग्रजीत मी सुरुवातीपासून पुसले गेले होते,
अरबीत शेवटाकडून.
इकडे उरलेलं ‘ओलकर’, तिकडे नुसतं ‘बालाफी’,
कारण त्यांच्या लिपीत प नाही, व नाही,
आणि पल्लवी म्हणवून घ्यायला दोन्ही लागतात.

दोन रियाल पगारातून.
मी सही केली. खरंच ठाऊक नव्हतं मला
कशाने झिजलं ते.

मग गुरुवारी रात्री, रुवीत, सात नंबरच्या काउंटरवर
मी स्वतःवर पाळत ठेवली,
जशी अत्तरांच्या रॅकपाशी रेंगाळणाऱ्यांवर ठेवतो आम्ही.

नऊ वाजले. पगाराचा आठवडा.
पाच काउंटरांचं टुक टुक एकमेकांत अडकलेलं,
मागे कुणी वेलदोड्यासकट कॉफी दळून घेतंय,
मासळीच्या बर्फाचा वास, त्यावर उदाचा, त्यावर फिनेलचा,
माथ्यावरची एक ट्यूब धड जळत नाही, धड विझत नाही,
ट्रॉलीत उभं राहून एक पोर नुसतं केकाटतंय,
स्पीकर अरबीत कुणाला तरी गाडी हलवायला सांगतोय,
मग तेच मल्याळीत,
आणि समोरची बाई विचारतेय,
हे कांदे इंडियाचे का पाकिस्तानचे,

आणि बघते तर
अंगठा निघालाय.
गळ्यातल्या दोरीवरून उतरत कार्डाच्या कडेशी.
वर, खाली. वर, खाली.
पान्हा चोरणाऱ्या म्हशीला थोपटत राहावं तसा,
घाई नाही, बोलणं नाही.

एवढ्यावर भागत नव्हतं.
बुटात पायाची बोटं आवळत होती, सुटत होती,
आणि घशात एक सूर होता.
गाणं नव्हे. गांधीलमाशीएवढा.
कान देऊन ऐकला तर तो पाठीमागच्या फ्रीझरचा,
तीन वर्षं मी त्याच्याशी गळा लावून बसलेली,
कुणी तंबोऱ्याशी बसावं तशी.

जेवणाच्या सुट्टीत दिलरुक्षीला विचारलं,
मी गुणगुणते?
‘रोज,’ ती म्हणाली. ‘थांबलं की समजते,
तू वॉशरूमला गेलीस.’
बोलताना ती डाव्या कानाची पाळी ओढत होती,
ओढून ओढून लाल झालेली.
मी तिला सांगितलं नाही.

शनिवारी नवं कार्ड आलं. कडा पात्यासारख्या.
अंगठ्याला आता माहीत होतं, मी बघतेय.
निघाला, थबकला, पाहुण्यासारखा
कुठे बसावं कळेना त्याला.
लक्ष गेलं की श्वाससुद्धा नीट घेता येत नाही, तसं झालं.
दोन दिवस फार आवाज झाला.
कुणीतरी दार उघडं टाकून गेल्यासारखं
सगळं थेट आत.
एका गिऱ्हाइकाला पाच रियाल जास्त परत गेले,
ते मी भरले.

पुढचा गुरुवार. तीच ट्यूब.
खजुराचे डबे, डायपर, पोत्याएवढा तांदूळ,
रांग भाजीपर्यंत गेलेली,
आणि केव्हातरी
अंगठा परत आला, चोरपावलांनी,
टेकला कार्डाच्या कडेला,
बरोबर माझ्या पहिल्या अक्षरावर.

मी पाहिलं.
मग मान वळवून
कांदे वजनाला ठेवले.