पाळी आली की

सातपूर. रात्रीचे पावणेदोन.
बेंचवरचा व्हॉल्व्ह उघडतोय, मिटतोय, उघडतोय.
शरयू कंट्रोल-सी दाबते. पुन्हा दाबते,
जोरात दाबलं की ऐकू येतं जसं काही.

एका प्रोग्रॅमच्या पोटात पायथन आणि लुआ.
पायथननं आल्याआल्या दाराशी खुर्ची टाकली,
निरोप तोच घेतो,
चिठ्ठी खिशात घालतो,
पाळी आली की वाचतो.
पाळी लुआची चाललीय.

दारातून भिलाजी वॉचमन:
"ताई, बस व्हयनं आते."
"हो," म्हणते शरयू,
मान न वळवता.

मेन स्विच खाली.
मग लुआच्या फेऱ्यात एक ओळ:
दर हजार पावलांनी त्याचा खिसा चाचप.
पुन्हा चालू. पुन्हा कंट्रोल-सी.
व्हॉल्व्ह अर्धा उघडा राहतो.

गेटवर पोचल्यावर ती विचारते,
"काका, मघाशी काय म्हणालात?"