मानशीचं दार

दिवाडीच्या खाजनात, बांधाच्या पोटाशी
मी खांबावर एक डबी बसवली.
वर तळहाताएवढा सौर पत्रा,
खाली पाण्यात सोडलेली शेपूट.
दर दहा मिनिटांनी ती पाण्यातलं मीठ मोजते
आणि पणजीत माझ्या टेबलावर आकडा आणून ठेवते.

रुजार उकिडवा बसून बघत होता.
मानस त्याच्या ताब्यात. म्हणजे नावापुरती;
दार आपणच मिटतं, भरतीच ढकलते फळ्या,
ओहोटी येऊन सोडवते.
"हेसुद्धा यंत्रच," तो म्हणाला,
"फक्त बॅटरी चंद्राची."
आणि मीठ? बोट बुडवून तो चाखतो.
मी म्हटलं, रुजारबाब, तुमचं बोट एक,
माझ्याकडे डब्या बत्तीस.
तो हसला नाही.

मग मी पत्रक वाचून दाखवलं:
तोंडं वाढताहेत, समुद्र चढतोय,
जमीन आहे तेवढीच.
आकडा त्यानं पुन्हा विचारला.
जवळजवळ हजार कोटी, मी म्हटलं.
तो पेरांवर मोजू लागला,
खंडीचे वीस कुडव, कुडवाची पेज किती घरांना,
अंगठ्यापाशी येऊन थांबला.
"सगळे एकदमच जेवायला येणार?"

पलीकडची सात वर्षांची पडीक,
जिचे मालक कुठल्या देशात आहेत
हे शेताला कुणी कळवलेलं नाही,
तिथं यंदा लावणीचं यंत्र उतरलं.
चालवायला पिदाद.
जन्मभर ती वाकून, मागे मागे सरत
लावणी करत आली;
पायांना ठाऊक असलेलं शेत
डोळ्यांना फक्त लावून झाल्यावर दिसायचं.
"आज पहिल्यांदा पुढे बघून चाललेय," ती ओरडली,
आणि कोपऱ्यावर यंत्र चिखलात रुतलं.
पाच माणसं, एक दोरखंड, बऱ्याच शिव्या.
कोपरा हातानंच लावला.
बाकी शेत दुपारच्या जेवणाआधी हिरवं.

श्रावणात पावसानं आठवडाभर दडी मारली.
रात्री दोन वीसला माझा फोन थरथरला:
डबी सतरा, मीठ चढतंय.
रुजारनं तिसऱ्यांदा उचलला.
"तुझी डबी झोपेत बरळते," म्हणाला,
पण टॉर्च घेऊन गेला.

डबी खरं बोलत होती.
का, ते तिला माहीत नव्हतं.
बांधात मनगटाएवढं बीळ, खेकड्याचं,
त्यातून मांडवी गुपचूप आत येत होती.
त्यानं गवत कोंबलं, चिखल कोंबला,
उजाडेपर्यंत खांद्यापर्यंतचा हात आत ठेवून
पालथा पडून राहिला.
सकाळी अहवालात मी लिहिलं, कारण: खेकडा.
तो शब्द संगणकाच्या यादीत नव्हता.
मी घातला.

कापणीनंतर त्यानं औषधाच्या रिकाम्या बाटलीत
कोरगुटाचं बियाणं भरून दिलं.
आमच्या प्रयोगशाळेला हवं होतं:
खाऱ्या पाण्यात तग धरण्याचा याचा गुण
जास्त पिकणाऱ्या भातात उतरतो का, बघायला.
किती वर्षं लागतील? त्यानं विचारलं.
आठ, दहा. कदाचित उतरणारही नाही.
त्यानं बूच पुन्हा घट्ट केलं.
"तुझ्या हजार कोटींना सांग,
पेजेत मीठ बेतानं घाला,
यानं आधीच खाल्लंय."

फेरीबोटीत बाटली मांडीवर धरून बसले.
चिठ्ठीवर वाण लिहिला, गाव लिहिलं, तारीख.
पुढे एक रकाना होता, 'शेरा'.
पाणी कापत बोट वळली तोवर
पेन हातातच होतं.