पक्कड

रिटायर होऊन महिना झाला
तरी पक्कड खिशातून जाईना.
कुलरमधी पाणी टाकून झालं, झोप येईना.
खाटेखाली तारेचं भेंडोळं होतं,
उगाच वाकवत बसलो.

मान झाली. मग चोच.
निर्मला म्हणाली, "काहून जी, कोंबडी करता का?"
बगळा होता तो.
पण पाय आखूड पडले,
मग कोंबडीच ठेवली.

दुसऱ्या दिवशी भारद्वाज.
तिसऱ्या दिवशी बोट कापलं, काहीच नाही.
आता कोतवाल जमतो, दुभंगल्या शेपटीसकट;
पंखांना जळलेल्या मोटारीतली
बारीक तांब्याची तार.

बत्तीस वर्षं खांबावर चढलो.
तारेवरून उतरवली ती पाखरं जळकीच,
बांबूनं ढकलून, नीट न बघता.
शेपटी नेमकी कुठून फुटते
हे कधी पाहिलंच नव्हतं.

काल निर्मलानं धुणं वाळत घालताना
अर्धी दोरी मोकळी ठेवली.
बोलली नाही काही.
मी चार कोतवाल टांगले, पाचवा हातात.

सांजेला लाईट गेली.
गावातून सवयीनं मलाच फोन:
"लाईनमन भाऊ, कुठं काय अडकलं?"

म्हटलं, शेपटी.
थांब जरा.